वणीहून नागपूर, तिथून विमानानं पुणे. सोबत दीड वर्षाचं बाळ अन् चार वर्षांची मुलगी. काय सांभाळावं?

विमानापेक्षा वणी ते सोनेगाव विमानतळ हा रस्ताच पोट्ट्यांना जास्त पिदडतो, म्हणून त्यांच्या झोपेच्या वेळेला गाडी काढा. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं, पण बुकिंगमध्ये त्याचं नाव हवं, जन्मदाखलाही जवळ ठेवा. मुलीला वेगळी सीट लागतेच.

विमान खाली यायला लागलं की कानात दडे बसतात. त्याच वेळी बाळाला पाजा, झोपलं असेल तर उठवून. चाकं टेकेपर्यंत थांबू नका, उतरणं अर्धा तास आधीच सुरू होतं. मुलीला घोटघोट पाणी द्या. चघळायची गोळी नको, ठसका लागतो.

बाळाचं दूध, पेज तपासणीत नेऊ देतात. आजीनं बॅगेत सुकं खोबरं कोंबलं असेल तर मात्र घरीच काढा. तेलामुळं ते पेट घेऊ शकतं, म्हणून चालत नाही.