मुलगा बरा झालाय, पण दिवसभर घरातच असतो

प्रश्न : ताई, माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे. कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. आता गोळ्या नियमित चालू आहेत, वर्षभरात कानात आवाज आलेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, ‘त्याला कशात तरी गुंतवा.’ पण कशात? अकराला उठतो, अंघोळीसाठी दहादा हाक मारावी लागते, मग मोबाइल घेऊन पलंगावर. मी शाळेतून निवृत्त झाले आहे, त्यामुळे दिवसभर त्याच्याजवळच असते. त्याचे काका म्हणतात, लग्न करून टाका, आपोआप सुधारेल. दिवसा त्याला पाठवता येईल अशी काही जागा आहे का? आणि आमच्यामागे त्याचं कोण बघणार?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी त्या अंघोळीबद्दल लिहिते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात जास्त थकवा मला तिथेच दिसला. उठावंसं न वाटणं, बोलावंसं न वाटणं, कशातच रस नसणं हा आजाराचाच भाग आहे. त्याला आळशी म्हणू नका, कुणाला म्हणूही देऊ नका. आवाज आणि संशय गोळ्यांनी आटोक्यात येतात, पण हा भाग गोळ्यांना फारसा जुमानत नाही. ठरलेल्या वेळी कुठेतरी जावं लागलं, चार माणसांशी बोलावं लागलं, की तो हळूहळू हलतो. उशिरा उठणं रात्रीच्या गोळीच्या गुंगीमुळेही असू शकतं. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः बदल करू नका.

लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या लोकांचा मागोवा घेतला होता. ज्या घरांत सारखं टोकणं, चिडणं किंवा काळजीपोटी प्रत्येक गोष्टीत लक्ष घालणं होतं, तिथे आजार जास्त वेळा उलटला. अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला, तर धोका आणखी वाढायचा. तुमच्या घरी हे ३५ तास चौथ्या दिवशीच भरत असतील. आजार तुमच्यामुळे झाला किंवा टिकला, असं मी मुळीच म्हणत नाही. तुम्हा दोघांनाही रोज काही तास एकमेकांपासून सुट्टी हवी आहे. त्याच्याइतकीच तुम्हालाही.

जागेचं म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि हाफ-वे होमसारख्या (रुग्णालय आणि घर यांच्या मधला टप्पा म्हणून राहायची जागा) सोयी सरकारने द्याव्यात, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात अशा सोयी फार थोड्या आहेत, आणि याचा मला मनापासून राग येतो. बाणगंगेचं सरकारी मानसिक चिकित्सालय आणि जिल्हा रुग्णालयातला मनकक्ष, म्हणजे मानसिक आरोग्याचा सल्ला देणारा विभाग, दोन्हीकडे चौकशी करा. तिथे समाजसेवक किंवा मानसशास्त्रज्ञ असतील तर त्यांना निवांत भेटा; ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना एवढं बोलायला वेळ नसतो.

अशी जागा मिळेपर्यंत थांबू मात्र नका. ‘आधी पूर्ण बरा होऊ दे, कोर्स करू दे, मग नोकरी’ असं आपण म्हणतो. अनेक देशांत आधी खरं काम मिळवून द्यायचं आणि त्या कामावरच सोबत करायची, ही पद्धत जास्त यशस्वी ठरली आहे. माझ्या ओळखीचा एक मुलगा सियागंजात एका घाऊक दुकानात स्टॉकचं रजिस्टर लिहायला जाऊ लागला. सुरुवातीला दुपारचे दोनच तास. त्याच्या संमतीने मालकाला आजाराची कल्पना दिली होती आणि दोन गोष्टी ठरल्या होत्या : गर्दीच्या वेळी गल्ल्यावर बसवायचं नाही, आणि चूक झाली तर चारचौघांत बोलायचं नाही. पगार थोडाच होता, पण थेट त्याच्या हातात यायचा. तो न विचारता खर्च करतो, हे पचवायला त्याच्या आईला वेळ लागला. तुमच्या मुलाला कॉम्प्युटर येतो. नात्यात, ओळखीत कुणाचं दुकान आहे, ते आधी त्यालाच विचारा.

लग्नाबाबत काकांना स्पष्ट सांगा : लग्न हे औषध नाही. उद्या त्याला स्वतःला हवं असेल, तर मुलीला सगळं सांगूनच करायचं. लपवून केलेलं लग्न कोर्टात रद्दही होऊ शकतं.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. घरच्या माणसांनी एकत्र बसून बोलण्याचे गट तिथे चालतात. असा गट इंदुरातही चार घरांत मिळून सुरू होऊ शकतो. ओपीडीच्या बाकावर तुमच्या शेजारी बसणाऱ्या बाईंपासूनच सुरुवात करा. पोहे खायला बोलवा त्यांना.

‘आमच्यामागे कोण’ याचं सगळं उत्तर आज मिळणार नाही, पण एक काम आजच होऊ शकतं. आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारी व्यक्ती कोण, हे त्याला कायद्याने साध्या कागदावर लिहून, सही करून ठरवता येतं. बहीण, मावसभाऊ, मित्र, कुणीही सज्ञान व्यक्ती चालते. त्या व्यक्तीची तयारी मात्र हवी. निवड त्याची असू द्या. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. तपासणीत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरलं, तर प्रमाणपत्राच्या आधारे सरकारी नोकरीतल्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. ते घ्यायचं की नाही, हेही त्यालाच ठरवू द्या.

लागोपाठ दोन-तीन रात्री झोप उडाली, गोळ्या टाळू लागला, पुन्हा कुणावर संशय घेऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्या. अपरात्री काही सुचेनासं झालं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे, आणि तो तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.