2050 पर्यंत मुंबई बुडणार, या बातम्यांत किती तथ्य आहे?

या बातमीने घाबरून तुमचे काका परळची खोली विकायला निघालेत म्हणता, तर त्यांना सांगा, निव्वळ या बातमीपायी खोली विकू नका. विकायचीच असेल तर दुसरी कारणं भरपूर सापडतील.

मुंबईचा बराचसा भाग निळ्या रंगात बुडालेला तो नकाशा मीही 2019 मध्ये घरच्या ग्रुपवर पाठवला होता. मूळ अभ्यास नंतर वाचला आणि जरा ओशाळलो. अभ्यास 'क्लायमेट सेंट्रल' या अमेरिकी संस्थेचा, 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आलेला. किनाऱ्यालगतच्या जमिनीची उंची तोवर बहुतेक ठिकाणी 2000 साली अंतराळातून केलेल्या रडार मोजणीवरून धरत. त्या रडारला घराचं छप्पर आणि झाडाचा शेंडासुद्धा जमीनच वाटे, त्यामुळे जमीन आहे त्यापेक्षा उंच दिसायची. संशोधकांनी ही चूक संगणकाच्या मदतीने बरीच कमी केली. काम चोख आहे.

गोम पुढे आहे. 2050 मध्ये कोणती जमीन भरतीच्या पातळीखाली असेल, एवढंच तो नकाशा दाखवतो. तिथे पाणी शिरेलच असं नाही, कारण बांध, भिंती, भरतीचं पाणी अडवणारे दरवाजे यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. त्याच अभ्यासाप्रमाणे आजच जगात सुमारे 11 कोटी माणसं भरतीरेषेखालच्या जमिनीवर राहतात. हे एक वाक्य बातमीत घातलं असतं तर मथळ्यातली हवाच गेली असती! मुंबईला तर हे नवं नाहीच. अठराव्या शतकात महालक्ष्मी ते वरळी बांध घातला तोच मुळी भरतीचं पाणी आत शिरून मधली जमीन बुडायची म्हणून.

मग ऑगस्ट 2021 मध्ये तेव्हाच्या पालिका आयुक्तांनीच जाहीर केलं की 2050 पर्यंत नरिमन पॉइंट, मंत्रालय परिसराचा 80 टक्के भाग पाण्याखाली जाईल. सरकारी माणूस बोलल्यावर वाहिन्यांना आणखी काय हवं होतं? पण त्याच महिन्यात आलेला आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा, अहवाल पाहा. 1995 ते 2014 च्या सरासरीच्या तुलनेत 2050 पर्यंत जगभरातल्या समुद्राची पातळी साधारण 15 ते 30 सेंटीमीटर वाढेल असा त्यातला अंदाज. फार तर एक फूट. मुंबईत उधाणाची भरती आजच साडेचार मीटरच्या वर जाते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळं थोतांडच. तसंही नाही, आणि खरं सांगायचं तर मला या दुसऱ्या टोकाचाच जास्त राग येतो. मुंबईचे नाले आणि पर्जन्यवाहिन्या समुद्रात किंवा खाडीत रिकाम्या होतात. भरती चढली की त्यांच्या तोंडाशी पाणी अडतं, कधी उलटं आत येतं. म्हणून तर हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथे पंप बसवावे लागले. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, त्यात भरतीची भर, पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. समुद्र फूटभर वर सरकला तर ही तोंडं रोज जास्त वेळ तुंबलेली राहतील, आणि आज ज्या पावसात गुडघाभर पाणी साचतं त्यात उद्या त्याहून जास्त साचेल. 2050 ची एक तारीख ठरवून त्या दिवशी शहर बुडेल असं काही घडणार नाही. दादरजवळच्या सखल हिंदमाता चौकात पाणी ओसरायला लागणारे तास वाढत जातील, पण असल्या गोष्टीचा मथळा होत नाही.

बातमीची शहानिशा करायला मी एवढंच बघतो: आकडा कुठल्या पातळीपासून मोजलाय, आणि बंदोबस्त काहीच केला नाही असं धरून काढलाय का.

काकांनी पावसाळ्याआधी पेपरात येणारं भरतीचं वेळापत्रक कापून ठेवावं. साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एका दिवशी आले की इमारतीच्या दाराशी पाणी कुठवर येतं ते बघावं. त्यांची खोली कितव्या मजल्यावर आहे?