चीफ ओब्रायनच्याच वाट्याला एवढे भोग का?

प्रश्न : माझे यजमान हर्णै बंदरातल्या एका ट्रॉलरवर इंजीन सांभाळतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे ते घरी होते, म्हणून यंदा आम्ही दोघे आणि आमचा चौदा वर्षांचा मुलगा अशा तिघांनी ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ ही जुनी मालिका पाहायला घेतली. यजमानांचा जीव त्यातल्या दुरुस्तीचे काम करणाऱ्या चीफ ओब्रायनवर जडला आहे. पण मालिकेतल्या त्या अंतराळस्थानकावर एवढे अधिकारी असताना दर वर्षी छळ होतो तो याचाच, असे का? आणि एवढे सोसूनही पुढच्या भागात तो अवजारांची पेटी घेऊन कामावर हजर कसा? तीन वर्षांचे भाग पाहून झाले आहेत. पुढचे मुलाला दाखवावेत का? — एक वाचक, हर्णै

उत्तर : आपल्या यजमानांनी बरोबर हेरले आहे. मालिकेच्या लेखकांमध्ये ‘ओब्रायनने सोसलेच पाहिजे’ असे एक वाक्यच रूढ होते, आणि जवळजवळ दर वर्षी त्याचे आयुष्य उसवून टाकणारा एक तरी भाग ते लिहीत असत. आयरिश अभिनेते कोम मीनी यांनी साकारलेली ही व्यक्तिरेखा १९८७ साली ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या आधीच्या मालिकेच्या पहिल्याच भागात आली, तेव्हा तिला नावसुद्धा नव्हते. १९९३ साली ती या स्थानकावर आली ती बायको केको आणि लहानगी मॉली यांच्यासह. तो कमिशन मिळालेला अधिकारी नाही. बिघडलेले यंत्र रात्री-अपरात्री सुरू करून देणारा, संसारी, साधा माणूस आहे. वीरपुरुषावर संकट आले तर तो त्यातून कसा सुटतो हे आपण पाहतो. ओब्रायनवर आले की आपल्याला आधी त्याच्या घरची काळजी वाटते. लेखकांनी त्याला निवडले ते यासाठीच, असे मला वाटते.

आपण पाहिलेलेच भाग आठवा. ‘ट्रायब्युनल’मध्ये बायकोबरोबर सुट्टीवर निघालेल्या ओब्रायनला कार्डेशियन हे परग्रहवासी पकडून नेतात, त्याचा दात उपटतात आणि जिथे निकाल आधीच ठरलेला असतो अशा न्यायालयात उभा करतात, केको तो सगळा खटला समोर बसून पाहते. ‘व्हिस्पर्स’मध्ये आपण ज्याच्या बाजूने भागभर धावतो, तो ओब्रायनची हुबेहूब प्रतिकृती निघतो, आणि स्वतःला खरा समजणारा तो बिचारा मरताना निरोप ठेवतो तो केकोसाठी. ‘व्हिजनरी’त तर मूळचा ओब्रायन मरतोच, पुढे आपल्याला दिसत राहतो तो काही तास पुढच्या काळातून आलेला ओब्रायन. आणि याची वाच्यता पुढे फारशी होत नाही! आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. त्या काळी दूरचित्रवाणीवरचा बहुतेक भाग त्या आठवड्यापुरता लिहिला जाई, आणि एखादा भाग चुकलेल्या प्रेक्षकालाही पुढचा समजावा लागे. कारण समजण्यासारखे आहे, तरीही माणसाला एवढे भोगायला लावायचे आणि त्याला सावरायला चार दिवसही द्यायचे नाहीत, हा मी अन्यायच मानतो.

तो अन्याय काही अंशी भरून निघतो १९९६ सालच्या ‘हार्ड टाइम’ या भागात. हेरगिरीचा खोटा ठपका ठेवून परग्रहावरचे लोक ओब्रायनला वीस वर्षांची कैद देतात, पण ती त्याच्या मेंदूत आठवणींच्या रूपाने भरली जाते आणि प्रत्यक्षात काही तासच उलटतात. कथा सुरू होते ती शिक्षा संपल्यावर. घरी आलेला ओब्रायन जमिनीवर झोपतो, ताटातले अन्न उद्यासाठी लपवून ठेवतो, आणि ज्या अवजारांवर त्याची हयात गेली ती कशी वापरायची हेच त्याला पुन्हा शिकावे लागते. कोठडीत ईचार नावाचा एक सोबती होता. तो अन्न एकट्यासाठी लपवतो आहे या संशयावरून उपासमारीत ओब्रायनच्या हातून त्याचा जीव जातो, आणि मग कळते की ते अन्न दोघांसाठी राखलेले होते. ईचार खरा नव्हता, असे स्थानकावरचे डॉक्टर बशीर कितीही सांगोत, ओब्रायनच्या हातांना ते पटत नाही.

हा भाग पाहताना मला माझे मामा आठवले. ते मालवाहू जहाजाच्या इंजीनरूममध्ये फिटर होते. नऊ-नऊ महिन्यांनी घरी आले की माजघरातले अंथरूण सोडून पडवीत चटई टाकत, आणि मध्यरात्री दचकून उठून बसत, कारण सगळीकडे शांत होते. इंजिनाचा आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडले, एवढेच त्यांच्या कानांना ठाऊक होते. मामी काही विचारत नसे. उठून कंदिलाची वात मोठी करी आणि पहाटेपर्यंत तिथेच उंबरठ्यावर बसून तांदूळ निवडी.

म्हणूनच मालिकेविषयी माझी खरी तक्रार केकोबाबत आहे. ती वनस्पतिशास्त्रज्ञ आहे, स्थानकावर मुलांची शाळा तिनेच सुरू केली. पण वीस वर्षे भोगून आल्यासारखा नवरा घरी आला, तेव्हा तिच्या रात्री कशा गेल्या, हे लेखकांनी पुरेसे लिहिलेच नाही. आपल्यासारख्या बंदराकडे डोळे लावून बसणाऱ्या बाईला ती उणीव माझ्याआधी जाणवेल.

मुलाविषयी : दाखवा, पण ‘हार्ड टाइम’ त्याला एकट्याने पाहू देऊ नका. ओब्रायन रागाच्या भरात मॉलीवर हात उगारतो, त्या धक्क्याने स्वतःचा जीव घ्यायला निघतो आणि बशीर त्याला ऐन वेळी थांबवतो, हा प्रसंग फार जिवंत उतरला आहे. यजमान आता पुन्हा समुद्रावर जात असतील, तर ते घरी असतील त्या दिवसापर्यंत हा भाग राखून ठेवा आणि तिघांनी मिळून पाहा.