इंधनावरचा कर थोडे महिने माफ झाला, तर चालकाच्या हाती काय पडतं?

प्रश्न : ताई, कळव्यात माझी स्वतःची रिक्षा आहे, सीएनजीवर चालते. धाकटा भाऊ नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेतो, त्याचा पिकअप डिझेलवर. भाव चढले की कुणीतरी मागणी करतं, 'तीन महिने इंधनावरचा कर माफ करा.' भाऊ म्हणतो, माफ केला तरी पंपवाले मधल्यामध्ये खातील. माझा अनुभवही तसलाच. २०२२ मध्ये सीएनजीवरचा कर उतरवला म्हणाले, आणि आठवडा व्हायच्या आत भाव आधीपेक्षा वर. यातून चालकाला खरंच काही मिळतं का? आणि कर उतरणार असं कानावर आलं, तर टाकी भरायला थांबावं का?
— एक रिक्षाचालक, कळवा

उत्तर : दादा, मंचरजवळ महामार्गावरच्या एका पंपावर मी बरीच वर्षं हिशेब लिहिला आहे, म्हणून भावाच्या शंकेपासून सुरुवात करते. पंपवाल्याला मधे खाता येत नाही. विक्रीचा भाव तेल कंपनी ठरवते. जून २०१७ पासून रोज सकाळी सहा वाजता नवा भाव मशीनवर चढतो आणि पंपवाल्याला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं. उलट कर अचानक उतरला की पहिला मार तोच खातो, कारण टाकीतल्या मालावरचा कर त्याने टँकर घेतानाच भरलेला असतो. २१ मे २०२२ च्या संध्याकाळी केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी कमी केल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मुंबईत पेट्रोल १२०.५१ वरून १११.३५ वर आणि डिझेल १०४.७७ वरून ९७.२८ वर आलं. ज्याच्या टाकीत त्या रात्री वीस हजार लिटर डिझेल होतं, त्याचे नुसत्या शुल्कापोटी एक लाख वीस हजार रुपये गेले. नोव्हेंबर २०२१ ची कपात तर ऐन दिवाळीत आली होती, सुट्यांसाठी टाक्या भरून ठेवलेल्या असताना. म्हणूनच ३१ मे २०२२ ला अनेक राज्यांतल्या पंपचालकांनी एक दिवस कंपन्यांकडून माल उचलला नाही. कमिशन वाढवा आणि हे नुकसान भरून द्या, ही त्यांची मागणी होती.

तेव्हा कराची कपात पंपाच्या पाटीवर येते, आणि दुसऱ्याच सकाळी येते. त्यानंतर काय होतं, तिकडे मात्र भावाने नीट लक्ष द्यावं. नोव्हेंबर २०२१ च्या कपातीनंतर साडेचार महिने भाव कंपन्यांनी जागचा हलवला नाही. युक्रेनचं युद्ध पेटलं, कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर गेलं, तरी नाही. मग २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या पंधरवड्यात लिटरमागे दहा रुपये चढले. पेट्रोलवर तेव्हा पाचच रुपये उतरले होते, म्हणजे दुप्पट परत गेले. पुढे कच्चं तेल बरंच उतरलं, पण कंपन्यांनी आपणहून भाव उतरवला तो मार्च २०२४ मध्ये, आणि तोही दोन रुपयांनी. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने शुल्क दोन रुपयांनी वाढवलं, तेव्हा पंपावरचा भाव तसाच राहिला. कर आणि पाटीवरचा भाव यांच्यामध्ये आपल्याकडे कंपन्यांचं गणित बसलेलं आहे, आणि ते गणित चालकाला कुणी समजावून सांगत नाही. मला हे फार खटकतं.

तारीख ठरवून दिलेली करमाफी पाहायची तर जर्मनीकडे पाहावं लागेल. तिथे १ जून ते ३१ ऑगस्ट २०२२ असे तीन महिने पेट्रोलवरचा कर लिटरमागे सुमारे ३५ सेंट आणि डिझेलवरचा सुमारे १७ सेंटनी कमी केला होता. म्युनिकच्या ईफो या अर्थसंशोधन संस्थेने पहिल्या आठवड्यांतले भाव शेजारच्या फ्रान्सशी ताडून पाहिले. डिझेलची सवलत जवळजवळ पूर्ण ग्राहकापर्यंत पोचली होती, पेट्रोलची सुमारे ८५ टक्के. अमेरिकेत मेरीलँड राज्याने त्याच वर्षी १८ मार्चपासून महिनाभर कर थांबवला. तिथल्या पाहणीत साधारण पाऊण हिस्सा ग्राहकाला मिळाल्याचं दिसलं. बाकीचा विकणाऱ्यांकडे राहतो, कारण माल टंचाईत असला की विकणाऱ्याला भाव पूर्ण उतरवायची घाई नसते. तेव्हा 'काहीच पोचत नाही' हे भावाचं म्हणणं बरोबर नाही. बरंचसं पोचतं. पण ते ठरलेल्या मुदतीपुरतं असतं, आणि मुदत संपली की भाव परत वर जातो.

आता तुमचा सीएनजी. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून त्यावरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. हा काही महिन्यांपुरता नव्हता, कायमचा होता. महानगर गॅसने मुंबईतला भाव किलोमागे ६६ वरून ६० केला. पण त्याच १ एप्रिलला केंद्राने देशातल्या जुन्या विहिरींमधल्या नैसर्गिक वायूचा, म्हणजे सीएनजी ज्यापासून होतो त्या वायूचा, दर २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर केला होता, म्हणजे दुपटीहून जास्त. ६ एप्रिलला सीएनजी ६७ झाला, १३ एप्रिलला ७२, ऑगस्टच्या सुरुवातीला ८६. तुम्हाला कर उतरल्याचं सुख मिळालं ते पाच दिवस. मी ऑगस्टचा हिशेब जुन्या कराने मांडून पाहिला, तेव्हा ८६ च्या जागी ९५ च्या आसपास आकडा आला. म्हणजे कपात तुमच्याकडेच होती, किलोमागे जवळपास नऊ रुपये. दिवसाला चार किलो गॅस जळत असेल तर पस्तीस रुपये. चढत्या भावात ते दिसले नाहीत, एवढंच.

पण दादा, तुमच्या खिशाला खरी चाट कराने लागलेली नाही. रिक्षाचं किमान भाडं १ मार्च २०२१ ला १८ चं २१ झालं होतं. गॅस ६० वरून ८६ वर चढत असताना ते २१ च राहिलं, आणि २३ झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. मधले सहा महिने वाढलेल्या गॅसचे पैसे तुम्ही पदरचे घातले. त्यानंतर २६ व्हायला १ फेब्रुवारी २०२५ उजाडलं. इंधनाचा भाव अमुक टक्के हलला की भाडं आपोआप, ठरलेल्या दिवशी हललं पाहिजे, वरही आणि खालीही. मीटरवर पोट असणाऱ्याला तीन महिन्यांच्या करमाफीपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त आहे. तुमच्या संघटनेने आपला जोर इथे लावावा, असं मी मनापासून सांगते.

भावाचं वेगळं आहे. त्याला सरकार भाडं ठरवून देत नाही, व्यापारी देतो. जुलै २०२२ मध्ये राज्याने डिझेल ३ आणि पेट्रोल ५ रुपयांनी उतरवलं. वाशीला जाऊन-येऊन तीसेक लिटर जळत असेल, तर खेपेमागे नव्वद रुपये वाचले. क्रेटचा दर बांधलेला असेल तर ते नव्वद पूर्ण त्याचे. पण व्यापारी बातम्या वाचतो. डिझेल उतरलं की तो दर पाडून मागतो, आणि चढलं की 'पुढच्या हंगामात बघू' म्हणतो. म्हणून दर बांधताना त्या दिवशीचा डिझेलचा भाव कागदावर लिहून घ्यावा, आणि लिटरमागे पाच रुपयांचा फरक पडला की क्रेटमागे किती बदलायचं तेही. उक्त्या भाड्याने धंदा करणाऱ्यांची अशीच फरफट मी पंपाच्या खिडकीतून पाहिली आहे. उधारीच्या वहीत ती दर महिन्याला उमटायची.

हा पैसा येतो कुठून, हेही बघा. मे २०२२ ची कपात केंद्राने रस्ते आणि पायाभूत सुविधांच्या उपकरातून केली; वर्षाला सुमारे एक लाख कोटी सोडावे लागतील असं अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं. राज्याची जुलैची कपात वर्षाला सहा हजार कोटींची होती. यातला मोठा वाटा जास्त इंधन जाळणाऱ्याकडे जातो. घरात तीन गाड्या असणाऱ्याला लिटरमागे तेवढीच सूट मिळते जेवढी तुमच्या भावाला, आणि लिटर मात्र त्याचे जास्त. जर्मनीने त्याच तीन महिन्यांत महिना नऊ युरोंत देशभरच्या लोकल गाड्या आणि बसचा पासही दिला होता. गाडी नसलेल्या माणसालाही त्यातून काहीतरी मिळालं, म्हणून मला तो निर्णय करमाफीपेक्षा चांगला वाटतो.

टाकीचं म्हणाल तर कर उतरणार अशी नुसती कुजबुज असेल तेव्हा थांबू नका. आपल्याकडे घोषणा बहुधा आयत्या वेळी होते. शिवाय कपातीची हवा असली की पंपवालाही टँकर मागवताना हात आखडता घेतो, मग रांगा लागतात आणि तुमचा धंद्याचा वेळ जातो. पक्की घोषणा झाली तर त्या दिवसापुरतं घाला, बाकी दुसऱ्या दिवशी सकाळी सहानंतर. कर परत लागणार असेल तर भावाला आदल्या संध्याकाळी टाकी फुल करायला सांगा. साठ लिटरच्या टाकीत तीन रुपयांच्या फरकाने एकशे ऐंशी रुपये वाचतील. कॅन-ड्रम भरून घरात मात्र काही ठेवू नका.