आजोबांची दया येत नाही, मग मी नर्स कशाला झाले?

‘ताई, मी एका खासगी हॉस्पिटलात मेल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा दिवसा नीट असतात, पण रात्री ओरडतात, सलाइन उपसतात, “माझं पाकीट चोरलंस” म्हणून शिव्या देतात. परवा पहाटे मीही त्यांच्यावर ओरडले. दुसरा एक पेशंट, चाळिशीचा, बीपी घेताना मुद्दाम हात धरतो, घाणेरडं बोलतो. इनचार्ज सिस्टर म्हणतात, “पेशंट आहेत, समजून घ्यायचं.” मला आता कोणाचीच दया येत नाही. टीपीए डेस्कला, म्हणजे पेशंटच्या विम्याची कागदपत्रं बघायच्या कामाला, जागा निघालीय. जाऊ का?’ – सु., नाशिक

प्रिय सु.,

तुझ्या पत्रात दोन अगदी वेगळे पेशंट आहेत आणि इनचार्ज सिस्टरनी दोघांना एकच औषध दिलंय. गडबड तिथेच आहे.

आधी आजोबा. दिवसा शुद्धीवर आणि रात्री दुसराच माणूस, हा स्वभाव नसतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा मेंदूचा गोंधळ, फार दिसतं. तुम्हाला ते शिकवलं असेल, पण पुस्तकातलं डेलिरियम आईवरून शिव्या देत नाही ना, म्हणून वॉर्डात ओळखू येत नाही. मी पत्रावरून निदान करणार नाही. तू आज ड्यूटीला गेलीस की बघ, लघवी तुंबलीय का, पोट कधीपासून साफ नाही, ताप आहे का. दुखण्याचं औषध वेळेवर मिळतंय की फक्त ‘गरज पडल्यास’ लिहिलंय? ऑक्सिजन, शुगर बघ, सोडियमचा शेवटचा रिपोर्ट काढ. झोपेची एखादी नवी गोळी सुरू झालीय का तेही बघ. आणि चष्मा, कानाचं मशीन कुठे आहे? बहुतेक वेळा लॉकरमध्ये, रुमालात गुंडाळलेलं. धड दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि रात्री दोनला कोणीतरी येऊन हाताला काहीतरी टोचतंय. माणूस चोर नाही तर काय म्हणेल?

डॉक्टरांना फोन करताना ‘त्रास देतायत’ म्हणू नकोस. ‘आधी असे नव्हते, अचानक गोंधळलेत’ असं सांग. पहिल्या वाक्यावर झोपेचं इंजेक्शन येतं, दुसऱ्यावर डॉक्टर येण्याची शक्यता तरी असते.

दया येत नाही म्हणतेस, तर नसू दे. सलग नाइट केलेल्या बाईला पहाटे साडेचारला झोप येते, दया नाही. आजोबा तुला आवडायलाच हवेत असंही काही नाही. ‘हे आत्ताच का ओरडतायत?’ एवढा प्रश्न पडला तरी पुरे. मी रिटायर होईपर्यंत वॉर्डातच होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत ज्या मुली चांगल्या नर्स झाल्या, त्या याच प्रश्नावर झाल्या. दारू बंद झालेला पेशंट तिसऱ्या दिवशी थरथरत भिंतीवरचे नसलेले किडे झाडू लागतो. मधुमेहाचा पेशंट शुगर उतरली की घामाघूम होऊन अचानक भांडायला उठतो. ‘माजलाय’ म्हणून पाठ फिरवणारी आणि शुगर तपासणारी, दोघींच्या अनुभवाच्या दाखल्यावर वर्षं तेवढीच लिहिलेली असतात!

हँडओव्हरकडेही बघ, म्हणजे पाळी बदलताना पुढचीला काय सांगतेस तिकडे. ‘सात नंबरचा पेशंट डोक्याला ताप आहे’ असं एकीनं सांगितलं की पुढची सिस्टर त्याच्या बेलला उशिरा जाते, उशीर झाला की तो आणखी ओरडतो, आणि ताप खरा ठरतो. त्याऐवजी तू सांग, ‘दोननंतर गोंधळतात, चष्मा लावून नाव सांगितलं की सलाइनला हात लावत नाहीत.’ पुढच्या तीन शिफ्टचं काम हलकं होईल. सीनियर होणं मला तरी यातच दिसतं, पदाची पाटी नंतर येते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबागांचं उदाहरण तुला कोणीतरी नक्की ऐकवेल. १९७३ साली त्याच रुग्णालयात हल्ला होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात या सेवेचं कौतुक केलं. लोक याला त्याग म्हणतात. मला त्यात ड्यूटीचा तक्ता दिसतो. इतकी वर्षं हे निभलं, कारण एकीची पाळी संपली की दुसरी यायची. तुझ्या वॉर्डात आजोबांची प्रत्येक नाइट तुझ्याच वाट्याला येत असेल तर बेड बदलून माग. त्यात काही कमीपणा नाही.

आता तो दुसरा. तो गोंधळलेला नाही, त्याला सगळं कळतंय. इथे समजून घेण्यासारखं काही नाही. एकटीने त्याचं बीपी घ्यायला जाऊ नकोस, वॉर्डबॉय मामांना किंवा ब्रदरला (पुरुष नर्सला) सोबत ने. तारीख, वेळ, तो नेमकं काय बोलला, कोण हजर होतं, हे लिहून काढ आणि मेट्रनना, म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुखांना, लेखी दे, पोच घे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही तुला सुरक्षित ठेवणं ही हॉस्पिटलची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. कोणी मारहाण किंवा धमकीपर्यंत गेलं तर डॉक्टरांवरच्या आणि हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा नर्सनाही लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

टीपीए डेस्कचं काम वाईट नाही, रात्री घरी झोपायला मिळतं. पण नाइटचा हा आठवडा सुरू असताना अर्ज करू नकोस. सुट्टी घे, झोप काढ, मग एक-दोन डे ड्यूटी करून बघ. तरीही जावंसं वाटलं तर खुशाल जा. तक्रार मात्र सुट्टीपर्यंत ठेवू नकोस, आजच लिही.

– ताई