वाचकांचे प्रश्न : दूरसंचाराची मानके ठरतात कशी?

प्रश्न : आयटीयूच्या मानकांना 'शिफारस' म्हणतात. नुसती शिफारसच असेल, तर ती न पाळून चालेल ना? मग जगभरचे फोन एकमेकांना लागतात कसे?

चालेल. आयटीयू, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना, कोणाला दंड करत नाही. न पाळणाऱ्याचा फोन बाहेर लागत नाही किंवा त्याचे यंत्र कोणी विकत घेत नाही, शिक्षा असलीच तर एवढीच.

ई.१६४ ही क्रमांकांची शिफारस बघा. देशाचा संकेतांक १ ते ३ अंकी, आणि तो धरून पूर्ण क्रमांक जास्तीत जास्त १५ अंकी. एखाद्या देशाने उद्या १६ अंकी क्रमांक वाटले तरी त्याला अडवणारे कोणी नाही. पण बाहेरच्या एक्स्चेंजवर सोळावा अंक पुढे पाठवण्याचे बंधन नाही, आणि कॉल तिथेच अडतो. क्रमांकाआधीची अधिकची खूण तर क्रमांकाचा भागच नव्हे. 'परदेशी कॉलसाठी या नेटवर्कमध्ये जे आधी फिरवावे लागते ते इथे घाला' एवढाच तिचा अर्थ. कुठे ते ०० असते, कुठे ०११. म्हणून ०० लावून साठवलेला क्रमांक दुसऱ्या देशात गेल्यावर लागेलच असे नाही, अधिकची खूण लावलेला लागतो.

शिफारस बंधनकारक होते ती दुसऱ्या वाटेने. एखाद्या देशाचा नियामक परवान्याच्या अटींत तिचा उल्लेख करतो, किंवा खरेदीच्या निविदेत तिचा क्रमांक येतो. शिवाय देशांतर्गत तांत्रिक नियम करताना आंतरराष्ट्रीय मानके असतील तर ती आधाराला घ्यावीत, असे जागतिक व्यापार संघटनेचा तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करार सांगतो. आयटीयूच्या छताखालचा एक दस्तऐवज मात्र पहिल्यापासून बंधनकारक आहे : रेडिओ नियमावली. तो आंतरराष्ट्रीय करार आहे. दोन देशांच्या उपग्रहांनी एकाच लहरींवर बोलायला सुरुवात केली तर तिथे 'शिफारस' कामाची नाही.

मानक नसले की काय होते ते १९९७ साली मोडेमच्या बाजारात दिसले. ५६ केबीपीएससाठी (सेकंदाला ५६ हजार बिट) एक्स-टू आणि के-५६-फ्लेक्स ही दोन तंत्रे एकदम आली, आणि एकाचे मोडेम दुसऱ्याशी त्या वेगाने बोलेना. इंटरनेट देणाऱ्यांना दोन्ही प्रकारची यंत्रे ठेवावी लागली आणि गिऱ्हाईक थांबून राहिले. १९९८ मध्ये व्ही.९० आले तेव्हा कोंडी फुटली.

प्रश्न : एखादी कल्पना शिफारस होईपर्यंत नेमक्या कोणत्या पायऱ्या असतात?

आयटीयूच्या मानकीकरण विभागापुरते सांगतो. काम स्टडी ग्रुपमध्ये चालते आणि प्रत्येक ग्रुपचे विषय 'क्वेश्चन' नावाच्या तुकड्यांत वाटलेले असतात. क्वेश्चनचा कारभार रॅपोर्टर बघतो, मसुदा एडिटरच्या हातात असतो. दर ४ वर्षांनी भरणारी जागतिक मानकीकरण सभा या ग्रुपांची फेरमांडणी करते.

सुरुवात काँट्रिब्युशनने, म्हणजे सदस्याच्या लेखी प्रस्तावाने होते. तो बैठकीच्या किमान १२ दिवस आधी पोचला पाहिजे. नवे काम सुरू करायचे तर व्याप्ती काय, आधीच्या कोणत्या मानकांशी संबंध येतो आणि कोणकोणते सदस्य प्रत्यक्ष काम करायला तयार आहेत, हे भरून द्यावे लागते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माना डोलावणारे पुष्कळ असतात, लिहिणारे दोघे-तिघे. ते दोघे-तिघे नोकरी बदलून गेले की विषय थंड पडतो.

मसुद्यात ज्या वाक्यावर एकमत नाही ते चौकटी कंसात जाते. जाणकार मसुदा हाती आला की आधी कंस मोजतात. कंस उरले नाहीत म्हणजे मजकूर पिकला. पुढे दोन वाटा फुटतात. निव्वळ तांत्रिक मजकुराला जलद वाट : ग्रुपने 'कन्सेंट' (संमती) दिला की ४ आठवड्यांचा लास्ट कॉल, म्हणजे हरकतींची शेवटची मुदत. भाषेच्या किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे हरकत आली नाही तर मंजूर. ठोस हरकत आली तर ती मिटवून सुधारलेला मजकूर सहसा आणखी ३ आठवडे फिरवतात. क्रमांक, दर यांसारख्या धोरणाला हात घालणाऱ्या विषयांना पारंपरिक वाट असते : सदस्य देशांची लेखी मते मागवतात, आलेल्या उत्तरांपैकी ७० टक्के अनुकूल असतील तरच विषय मंजुरीच्या बैठकीत येतो, आणि तिथे एकाही देशाचा विरोध चालत नाही.

गाडी सर्वांत जास्त अडते ती वाट निवडताना. एखाद्याला काम लांबवायचे असेल तर तांत्रिक मुद्दा खोडण्यापेक्षा 'याला धोरणाची बाजू आहे' म्हणणे सोपे पडते.

प्रश्न : एटीएम तंत्रातला सेल ५३ बाइटचा का? हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

एटीएम म्हणजे इथे आवाज आणि डेटा ठरावीक मापाच्या तुकड्यांत, म्हणजे सेलमध्ये, पाठवण्याची नेटवर्कची पद्धत. ५३ हा आकडा तांत्रिक हिशेबातून आलेलाच नाही, तडजोडीतून आला आहे. पण तडजोडीच्या दोन्ही टोकांना पक्का हिशेब होता.

फोनवरचा आवाज जी.७११ या आयटीयूच्या शिफारशीप्रमाणे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. मिलिसेकंदाला ८ बाइट. सेल भरेपर्यंत आवाजाला थांबावे लागते : ३२ बाइटचा सेल भरायला ४ मिलिसेकंद, ६४ बाइटचा भरायला ८. उशीर वाढला की बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी जाणवू लागतो आणि तो मारणारी यंत्रे बसवावी लागतात. युरोपातली अंतरे लहान, तिथे ही यंत्रे बरीचशी टाळता येत होती. त्यांनी ३२ धरले. अमेरिकेत लांब अंतरामुळे ती यंत्रे होतीच. तिथल्यांना ५ बाइटच्या हेडरचा (सेलवरच्या पत्त्याच्या पट्टीचा) बोजा खुपत होता : ३२ वर तो साडेतेरा टक्के पडतो, ६४ वर सव्वासात. त्यांनी ६४ धरले. १९८९ मध्ये अधलामधला ४८ ठरला. वर हेडरचे ५, झाले ५३.

याची किंमत पुढे डेटाने मोजली. इंटरनेटवर 'पोचले' सांगणारे लहानात लहान टीसीपी पॅकेट ४० बाइटचे. त्यात एटीएमचे ८ बाइटचे शेपूट जोडले की बरोबर ४८, म्हणजे एका सेलचे काम. पण वेष्टणाची ८ बाइटची दुसरी पद्धत निवडली की होतात ५६, आणि ८ बाइटसाठी दुसरा अख्खा सेल जातो. ४० बाइट पोचवायला तारेवर १०६. एडीएसएलच्या, म्हणजे फोनच्या तारेवरच्या इंटरनेट जोडण्यांवर अपलोडचा वेग कागदावरच्यापेक्षा कमी पडायचा, त्यातला एक चोर हा.

तडजोड न जमल्याचा नमुनाही जी.७११ मध्येच आहे. आवाज दाबून बसवायचे दोन नियम, ए-लॉ आणि म्यू-लॉ, दोन्ही त्यात आहेत, कारण कोणीच मागे हटले नाही. निदान दोघांच्या सीमेवर रूपांतर म्यू-लॉवाल्या देशाने करायचे, हे तरी लिहून ठेवले. मानकात दोन पर्याय ठेवलेच तर बदलाचे काम कोणाचे हेही त्यातच लिहावे लागते.

प्रश्न : ५जी आयटीयूने बनवले की थ्रीजीपीपीने?

अट आयटीयूची, उत्तर थ्रीजीपीपीचे. आयटीयूच्या रेडिओ विभागाने २०१५ मध्ये आयएमटी-२०२० ची (५जीचे आयटीयूतले नाव) कल्पना मांडली आणि २०१७ मध्ये किमान कामगिरीचे आकडे ठरवले : डाउनलोडचा शिखर वेग २० गिगाबिट प्रति सेकंद, चौरस किलोमीटरमागे १० लाख उपकरणे वगैरे. कोणते मॉड्युलेशन (लहरींवर माहिती चढवण्याची पद्धत), कोणता संदेश कधी पाठवायचा, यातले त्यांनी काही लिहिले नाही.

ते लिहिले थ्रीजीपीपीने. डिसेंबर १९९८ मध्ये उभी राहिलेली ही संस्था म्हणजे युरोप, उत्तर अमेरिका, जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि भारत इथल्या एकूण ७ मानक संस्थांची भागीदारी. तिथे काम तीन टप्प्यांत चालते : सेवा काय हवी, रचना कशी असेल, आणि शेवटी बिट-बिटापर्यंतचा प्रोटोकॉल. हे सगळे 'रिलीज'मध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या संचांत, बांधतात. ५जीचे पहिले रिलीज १५. तयार तंत्र मग आयटीयूकडे गेले, स्वतंत्र मूल्यमापन गटांनी आकडे पडताळले आणि २०२१ मध्ये एम.२१५० ही शिफारस निघाली. तोवर ५जीची नेटवर्क सुरूही झाली होती, कारण उद्योग थांबतो तो थ्रीजीपीपीच्या 'फ्रीझ'साठी, म्हणजे रिलीजमध्ये नवी भर बंद होण्यासाठी. आयटीयूचा शिक्का मागून आला तरी चालतो. लहरींचे पट्टे ठरायला मात्र आयटीयूच्या जागतिक रेडिओ परिषदेवाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : थ्रीजीपीपीचे स्पेसिफिकेशन वाचताना गोंधळ उडतो. ३८.२११ आणि १३८ २११ हे वेगळे आहेत का? आवृत्ती कोणती धरायची?

मजकूर एकच. थ्रीजीपीपी ही कायदेशीर संस्था नाही, त्यामुळे भागीदार संस्था तोच मजकूर आपल्या नावाने छापतात. युरोपची एट्सी क्रमांकाआधी १ लावते.

आवृत्तीचे तीन आकडे असतात, समजा १७.४.०. पहिला रिलीजचा, दुसरा तांत्रिक बदलाचा, तिसरा निव्वळ संपादकीय दुरुस्तीचा. ०, १ किंवा २ ने सुरू होणारी आवृत्ती अजून मसुदा आहे, तिच्यावर उत्पादन उभे करू नका. आणि 'रिलीज फ्रीझ झाले' याचा अर्थ 'आता बदल नाही' असा घेऊ नका. नवी वैशिष्ट्ये बंद होतात, दुरुस्त्या चालूच राहतात. दुरुस्ती येते ती चेंज रिक्वेस्टने. तिच्या पहिल्या पानावर बदलाचे कारण, बदलाचा गोषवारा आणि मंजूर न झाल्यास काय बिघडेल, असे तीन रकाने असतात. दोन आवृत्त्यांतला फरक समजून घ्यायचा तर मजकुराआधी हे तीन रकाने वाचा. अर्धे काम तिथेच होते. बदलाला प्रकाराचे अक्षरही असते : एफ म्हणजे दुरुस्ती, बी म्हणजे भर, ए म्हणजे जुन्या रिलीजमधल्या बदलाचे पुढच्या रिलीजमधले प्रतिबिंब. ए प्रकारची रिक्वेस्ट द्यायची राहिली, तर जुन्या रिलीजमध्ये सुधारलेली चूक नव्या रिलीजमध्ये जिवंत राहते.

क्रियापदे जपून वाचा. 'शॅल' म्हणजे केलेच पाहिजे, 'शुड' म्हणजे करावे, 'मे' म्हणजे मुभा. आयटीयूच्या कागदात 'अ‍ॅनेक्स' हा शिफारशीचा भाग असतो, 'अपेंडिक्स' नसतो. निविदेत अपेंडिक्सचा हवाला देऊन सक्ती करणारे भेटतात. ती सक्ती शिफारशीची नव्हे, निविदेची.

प्रश्न : दोन्ही यंत्रे मानकाला धरून आहेत असे कंपन्या छातीठोकपणे सांगतात, तरी ती एकमेकांशी बोलत नाहीत. खोटे कोण बोलते?

बहुधा कोणीच नाही. एकाने एक पर्याय घेतला, दुसऱ्याने दुसरा, आणि दोन्ही मानकात बसतात. दोन प्रस्तावांत निवड करता आली नाही की समिती दोन्हींना 'मे' लावून मोकळी होते. बैठक वेळेत संपते, भांडण प्रयोगशाळेत जाते.

एलटीईवरचा (४जीवरचा) आवाज हे ठळक उदाहरण. एलटीईत जुन्या पद्धतीची सर्किट-जोडणी नव्हतीच, आवाज आयएमएसवरून, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने कॉल जोडणाऱ्या यंत्रणेवरून, जायचा होता. आयएमएसची स्पेसिफिकेशने केव्हाच तयार होती, पण त्यांत पर्याय इतके, की प्रत्येकाचे आयएमएस वेगळे. मधल्या काळात कॉल आला की फोन ३जी किंवा २जीवर उतरायचा. शेवटी जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने २०१० मध्ये आयआर.९२ हे प्रोफाइल हाती घेतले. त्यात नवे तंत्र जवळपास काही नाही, असलेल्या पर्यायांतले कोणते सक्तीचे एवढेच निवडले आहे. तेव्हा खरेदीच्या कागदात नुसता मानकाचा क्रमांक लिहू नका. क्रमांक, आवृत्ती, प्रोफाइल आणि पर्यायांचा तक्ता, चारही मागा.

प्रश्न : एकाच विषयावर दोन-तीन संस्था काम करत असतील तर ताळमेळ कोण घालतो?

वरचा असा कोणी नाही. रोजचे साधन म्हणजे लिएझन स्टेटमेंट : एका ग्रुपचे दुसऱ्याला अधिकृत पत्र. त्यात माहितीसाठी की कृतीसाठी, आणि उत्तर कधीपर्यंत हवे, हे लिहितात. अडचण वेळापत्रकाची. तुमचे पत्र समोरच्यांची बैठक संपल्यावर पोचले तर उत्तर पुढच्या बैठकीनंतर येणार. तोवर इकडचा मसुदा पुढे गेलेला असतो.

संयुक्त गट जास्त उपयोगी. एच.२६४ हे व्हिडिओ मानक आयटीयू आणि आयएसओ-आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्था यांच्या संयुक्त चमूने केले. २००३ मध्ये एकच तांत्रिक मजकूर दोन क्रमांकांनी निघाला, दुसरा १४४९६-१०. दोन मजकूर असते तर दुरुस्त्या पहिल्याच वर्षी फाटल्या असत्या.

प्रश्न : मानकात एखाद्याचे पेटंट असेल तर?

ते आधी जाहीर करायचे असते. आयटीयू, आयएसओ आणि आयईसी यांच्या सामाईक धोरणात पेटंटधारकाला तीन पर्याय आहेत : मोफत परवाना, वाजवी आणि भेदभावरहित अटींवर परवाना, किंवा दोन्हींना नकार. नकार आला तर तो भाग मानकात ठेवता येत नाही. 'वाजवी' म्हणजे किती, हे मानक संस्था ठरवत नाही. तो वाद न्यायालयांत चालतो.

प्रश्न : आमची कंपनी लहान आहे. सुरुवात कुठून करावी?

विषय इंटरनेट प्रोटोकॉलचा असेल तर आयईटीएफ, म्हणजे इंटरनेटची मानके लिहिणारी संस्था. तिथे सदस्यत्वच नसते, माणूस स्वतःच्या नावाने येतो. मसुदा टाकायला शुल्क नाही. नव्या आवृत्तीवाचून ६ महिने गेले की तो कालबाह्य होतो. कौल मोजलेल्या मतांवर घेत नाहीत, ढोबळ एकमत आणि चालता कोड बघतात. म्हणून मसुद्याबरोबर चालणारी अंमलबजावणी दाखवता आली तर तिचे वजन मोठ्या नावापेक्षा जास्त पडते. प्रसिद्ध झालेला आरएफसी (तिथल्या दस्तऐवजाचे नाव) कधी बदलत नाही, त्याला रद्द करणारा किंवा सुधारणारा नवा निघतो. जुना वापरण्याआधी आरएफसी एडिटरच्या संकेतस्थळावरच्या त्याच्या नोंदीत 'ऑब्सोलिटेड बाय' (अमक्याने रद्द केला) आहे का ते बघा.

मोबाइलसाठी थ्रीजीपीपीत जायचे तर आधी भागीदार संस्थेचे सदस्य व्हावे लागते. पहिल्या दोन-तीन बैठकांत नवा प्रस्ताव नेऊ नका. मंजूर मजकुरातली एखादी खरी चूक शोधून एफ प्रकारची नेटकी चेंज रिक्वेस्ट द्या. ती सहज मंजूर होते आणि रॅपोर्टर तुम्हाला ओळखू लागतो.