घर हवंय, पण कशासाठी?

“मॅडम, भाऊ म्हणतो घर घेणं म्हणजे पैसे अडकवणं. मला मात्र रात्री झोप लागत नाही.”

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या, आज 46 वर्षांच्या, खासगी शाळेत शिकवणाऱ्या या बाईंना आपण ताई म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लग्न केलेलं नाही, घरी 74 वर्षांची आई.

भाड्यानं राहावं की घर घ्यावं, हे विचारायला बडोद्यात माझ्याकडे पुष्कळजण येतात. ताईंच्या भावाचा हिशेब चोख होता. भाडं 9,500, तशाच घराचा हप्ता त्याहून बराच जास्त. वरचे पैसे दरमहा म्युच्युअल फंडात टाकले, तर पुढेमागे हाती जास्त पडण्याची शक्यता होती. मी तो हिशेब खोडून काढला नाही. पण त्यात घरमालकाचा फोन धरलेलाच नव्हता. “मुलाचं लग्न ठरलंय, दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्या.” अकरा महिन्यांच्या करारात असा फोन कधीही येऊ शकतो.

आई देवांचे टाक अजून स्टीलच्या डब्यात ठेवते. सकाळी काढून पाटावर मांडायचे, पूजा झाली की पुसून परत डब्यात. भिंतीला देवघर ठोकायचं तर मालकांना विचारायला हवं, आणि जागा सोडताना तेच पुन्हा काढायचं. हे सांगताना ताईंचा आवाज भरून आला. म्हाताऱ्या आईला घेऊन पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागेल, ही भीती मला अगदी रास्त वाटते. घर घ्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

मग त्यांनी पर्समधून माहितीपत्रक काढलं. भायलीकडचा थ्री बीएचके, बांधकाम चालू, “भाव दुप्पट होणार” असं एजंटचं आश्वासन. कर्ज 40 लाख, 20 वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता जवळपास 34,700 आणि हातात येणारा पगार 58,000. निवृत्ती 58 व्या वर्षी, पेन्शन नाही, कर्ज फिटणार 66 व्या वर्षी. शाळा आणि आईचे डॉक्टर दोन्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, कारेलीबागेत.

मी विचारलं, “ताई, हे घर तुम्ही राहायला घेताय की भाव वाढायला?”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. असं फार जणांचं होतं. घर हवं असतं डोक्यावरच्या छपरासाठी, आणि पसंत केलं जातं भाव बघून. मग हप्त्याचीच धास्ती बसते.

पुढच्या भेटीला भाऊही आला. आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. निवृत्तीआधी काय फिटेल? कारेलीबागेतला जुना वन बीएचके, 27 लाख. साठलेल्या 19 लाखांतले 12 घालायचे, 15 लाखांचं कर्ज 12 वर्षांत फेडायचं, हप्ता सुमारे 16,650. स्टँप ड्यूटी जाऊन उरणाऱ्या साडेपाच लाखांना हात लावायचा नाही. दस्तावेज एकट्या ताईंच्या नावावर, त्यामुळे गुजरातमध्ये बायकांना माफ असलेली एक टक्का नोंदणी फीही वाचली. व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे वरखाली होणारा, त्यामुळे मधे रक्कम भरून कर्ज कमी केलं तरी दंड नाही. टायटल वकिलाकडून तपासून घ्या, बीयू परमिशन (इमारत वापरायची पालिकेची परवानगी) बघा, हे सांगितलंच. शिवाय 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते सोसायटीच्या वॉचमनला विचारायला लावलं.

भाऊ शेवटी म्हणाला, “ताई, फंडात जास्त मिळाले असते हं.” ताई म्हणाल्या, “मिळाले असते रे. पण आईला मी आता कुठेही हलवणार नाही.” त्यानं त्याच आठवड्यात वकील गाठून दिला.

हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका तरुण जोडप्याला मात्र मी थांबायला सांगितलं. दोघांच्या नोकऱ्या नव्या, त्याची तर केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, शिल्लक जेमतेम दोन महिन्यांची. त्यांना भीती नोकरीची होती, आणि डोक्यावर 20 वर्षांचा हप्ता आला असता तर ती आणखी वाढली असती.